बिडाच्या पंपाला पोलादाचं माप

हाफिजा मुजावरनं उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढण्यात घातली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ती ट्रेसर होती. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद अंथरायचा, शाईच्या पेनानं तीच रेघ पुन्हा काढायची, जाड झाली तर ब्लेडनं खरवडायची आणि मग अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढायच्या. तो वास तिच्या पदराला कायमचा बसला होता. हुपरीच्या एस.टी.त शेजारी बसलेली बाई कधी नाकाला रुमाल लावायची, तेव्हा हाफिजा खिडकीकडं तोंड करायची. घरी आई, बिबीजान, दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडत बसलेली असायची. लग्नाचं वय केव्हा निघून गेलं ते त्या दोघींनी कधी मोठ्यानं मोजलं नाही.

सत्त्याऐंशी साली फाउंड्रीत कॉम्प्युटर आला. मालक सयाजीरावांनी तो मोठ्या हौसेनं आणला. पेढे वाटले. शिकवायला आलेला माणूस चार दिवस राहून गेला आणि त्यानंतर इंजिनिअर साहेबांनी मशीनवर टेबलक्लॉथ टाकला तो टाकलाच. हाफिजानं तो जेवणाच्या सुट्टीत उचलायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. ट्रेसर बाई काय करते याकडं बघण्याची पद्धतच नव्हती.

ड्रॉइंग काढायच्या त्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक छोटी भाषा होती, लिस्प नावाची. तिचं झेरॉक्स केलेलं पुस्तक मशीनबरोबरच आलं होतं. इंग्रजी अवघड, पण भाषा म्हणजे नुसते कंस. कंसात कंस, त्याच्यात पुन्हा कंस. उघडलेला प्रत्येक कंस बंद केल्याशिवाय मशीन हलायचं नाही. हाफिजाला ते लगेच जमलं. जन्मभर तिनं आईच्या मांडीवर हेच पाहिलं होतं. कडीत कडी, आणि एक जरी उघडी राहिली तरी पैंजण पायातून गळून पडणार.

तिनं जो प्रोग्रॅम लिहिला तो फाउंड्रीच्या रोजच्या डोकेदुखीवरचा होता. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं. म्हणून ज्या लाकडी पॅटर्नवरून वाळूत साचा उठवायचा तो हव्या त्या मापाहून थोडा मोठा करावा लागतो. बिडाला थोडा, पोलादाला त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॅटर्नमेकर आकाराम मिस्त्रींकडं त्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्या होत्या. बिडाच्या पट्टीवरचा इंच खऱ्या इंचाहून मोठा, पोलादाच्या पट्टीवरचा त्याहून मोठा. हाफिजाच्या प्रोग्रॅमनं हे काम पट्टीशिवाय केलं. तयार मालाचं ड्रॉइंग द्यायचं, प्रोग्रॅम आपल्या शेजारी ठेवलेल्या फाईलमधून आकसण्याचे आकडे वाचणार आणि पॅटर्नचं वाढीव ड्रॉइंग काढून देणार.

बिडाचा संसार तिनं मशीनच्या आतल्या डिस्कवर मांडला होता. एक कप्पा, म्हणजे डिरेक्टरी, त्यात प्रोग्रॅम आणि त्याच्याजवळ बिडाच्या आकड्यांची फाईल. पोलादाची कामं क्वचित यायची, म्हणून तो संसार वेगळ्या फ्लॉपीवर. तोच प्रोग्रॅम, त्याच नावाची फाईल, आत आकडे पोलादाचे. बीड असलं की सकाळी मशीनला नाव सांगून त्या कप्प्यात जायचं आणि तिथून काम सुरू करायचं. पोलाद असलं की फ्लॉपी घालायची आणि फ्लॉपीवर जाऊन बसायचं. वर्षभर एक रेघ चुकली नाही. पण वर्षभर तिची ड्रॉइंगं नुसती पडताळणीला जात होती. मिस्त्री आपल्या पट्टीनं पॅटर्न करायचे आणि मग तिच्या कागदाशी ताडून बघायचे. जुळायचं. मिस्त्री मान हलवायचे आणि कागद परत द्यायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर सयाजीरावांनी तिला बोलावून घेतलं. ट्रेसिंगचं काम दिवाळीपासून बंद करायचं ठरलं होतं. कॉम्प्युटरवर पुण्याहून एक शिकलेला माणूस आणावा असं त्यांच्या मेव्हण्याचं म्हणणं होतं. सयाजीराव तोडून बोलणारे होते, पण त्या दिवशी त्यांनी सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, की दसऱ्यानंतरचं पहिलं काम तिच्या ड्रॉइंगवर जाईल. मिस्त्री पट्टी हातात घेणार नाहीत. कागदावर जे लिहिलंय त्या मापाचा पॅटर्न, आणि त्यावरून पंपाची बॉडी. ती नीट उतरली तर मशीन तिचं. नाही उतरली तर पुण्याचा माणूस, आणि तिनं मग हुपरीलाच काहीतरी बघावं.

त्या संध्याकाळी एस.टी.त तिला बसायला जागा मिळाली होती, पण ती उभीच राहिली.

खंडेनवमीला फाउंड्रीत दरवर्षी हत्यारांची पूजा असायची. भट्टीजवळ सतरंजी अंथरली जायची आणि ज्याचं त्याचं हत्यार ओळीनं मांडलं जायचं. मोल्डर पिराजीची थापी, मिस्त्रींचे रंधे, पटाशी, पट्ट्या. हाफिजाचं शाईचं पेनही दरवर्षी त्या ओळीत असायचं. हळदकुंकू, फूल, अंगारा, सगळ्यांसारखंच. ती मुसलमान आहे हे त्या ओळीला कधी आठवलं नव्हतं. मिस्त्रींचा एकच नेम होता. दसऱ्यानंतर पहिला घाव पुजलेल्या हत्यारानं घालायचा. शेल्फावर दुसरं कितीही चांगलं हत्यार असो, आधी पूजेतलं उचलायचं.

त्या वर्षी तिनं पेन आणलं नाही. मिस्त्री म्हणाले, "पोरी, तुजं हत्यार कुठं हाय?"

ती म्हणाली, "त्या मशीनच्या डब्यात हाय, मामा. डबा उचलून आणू व्हय?"

"डबा नको. त्यातलं काय हातात धरता येतंय ते आण. देवापुढं हातातलं ठेवायचं असतंय."

हातात धरता येण्यासारखी तिच्याजवळ एकच वस्तू होती, पोलादाची फ्लॉपी. ती कागदी पाकिटासकट रंध्याशेजारी ठेवली गेली. पिराजीनं विचारलं, ह्या चपट्या भाकरीनं काय कापतंय? आणि सगळे हसले. मिस्त्रींनी मात्र पाकिटाच्या कोपऱ्याला जपून बोट टेकवलं, कुंकू आत जाऊ दिलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम होतं पंपाचं, म्हणजे बिडाचं. मिस्त्री ड्रॉइंग ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. आत सहसा यायचे नाहीत. भुसा सांडतो म्हणून इंजिनिअर साहेब बोलायचे. पुजलेलं हत्यार वापरतेस ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. हाफिजाला अडचण कळली. फ्लॉपी पोलादाची, काम बिडाचं. पण त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. आणि तिला मार्गही दिसला. फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, तिच्यावर जाऊन बसायचं, तिचा मान राखायचा. प्रोग्रॅम मात्र आतल्या डिस्कवरचा, बिडाच्या कप्प्यातला, पूर्ण पत्ता टाइप करून बोलवायचा. तो बिडाच्या घरातून येणार म्हणजे घरातलेच आकडे घेऊन येणार. फ्लॉपीला नुसता मानाचा पाट.

प्लॉटरनं पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग काढलं. मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पॅटर्न झाला. मिस्त्रींनी शब्द पाळला, आपली पट्टी खिशातून काढली नाही. साध्या पट्टीनं कागदावरची मापं उतरवली. पंपाच्या आतली पोकळी ज्यानं राहते तो वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, जुन्याच पेटीत घडवला गेला. ती पेटी पूर्वी मिस्त्रींनीच बिडाच्या पट्टीनं केलेली. पिराजीनं साच्यात कोअर बसवला तेव्हा तो सैल वाटला. त्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, कडेची फट लुकण भरून बुजवली आणि साचा मिटला. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कामाला खोडा घालायचा नाही, हे फाउंड्रीत कुणी कुणाला सांगावं लागत नसे.

बॉडी वाळूतून निघाली तेव्हा बाहेरून देखणी होती. सयाजीराव स्वतः बघायला आले. त्यांनी ती हातानं फिरवली, टिचकी मारली, आत बॅटरी धरून बघितलं. मग बाजूला झाले आणि पिराजीला फोडायला सांगितलं. पिराजीला वाटलं मालक चेष्टा करतायत. सयाजीरावांनी पुन्हा सांगितलं नाही, नुसते उभे राहिले. पिराजीनं घण घातला. बॉडी दोन तुकडे होऊन पडली आणि तिची भिंत उघडी झाली. एका बाजूला मनगटाएवढी जाड, दुसऱ्या बाजूला नारळाच्या करवंटीएवढी पातळ. सैल कोअर ओतताना एका अंगाला सरकला होता.

भट्टीचा पंखा तेवढा चालू होता.

मिस्त्री खाली वाकले, पॅटर्न जवळ ओढला आणि कागदाशी ताडून बघितला. कागदाबरहुकूम होता. मग त्यांनी खिशातली पट्टी काढली, बिडाची, आणि पॅटर्नला लावली. हाफिजा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मिस्त्रींनी पट्टी परत खिशात घातली नाही. ती हातातच धरून म्हणाले, "हे बिडाचं माप न्हाय. पोलादाचं हाय."

हाफिजा ऑफिसात आली. मशीन चालू केलं. रोजच्यासारखी बिडाच्या कप्प्यात गेली, प्रोग्रॅम बोलावला, तेच ड्रॉइंग दिलं. आकडे आले. बिडाचे आले, चोख. तिनं फाईल उघडून बघितली. बिडाचीच. तिनं प्रोग्रॅमची ओळ न् ओळ वाचली. एक कंस इकडचा तिकडं झालेला नव्हता. टेबलावर तिच्याच हातचे दोन कागद पडले होते, एकाच प्रोग्रॅमनं काढलेले, एकाच पंपाचे. दोन्हींत एकही माप जुळत नव्हतं.

तिला रडू आलं नाही. रडायला आधी काय झालं ते कळावं लागतं. ती खुर्चीत बसून राहिली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली. ज्या हातांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका जशाच्या तशा गिरवल्या, त्यांनी पहिल्यांदा आपलं म्हणून काही केलं होतं, आणि त्यात चूक नव्हती, आणि तरी ती बॉडी बाहेर दोन तुकडे होऊन पडली होती.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री आत आले. भुशासकट आले. त्यांनी मालकांशी बोलणं केलं होतं. फ्लॉपीला कुंकू लागलं असणार, आपणच लावलं, त्यानं बिघडली, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. सयाजीरावांना ते पटलं होतं. असली नाजूक वस्तू पूजेत ठेवायलाच नको होती म्हणाले, आणि एक काम वाया गेलं ते गेलं, दुसरं करू म्हणाले. पुण्याचं नाव काढलं नाही. मिस्त्रींनी हे सगळं भिंतीकडं बघत सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला सोडवल्याचं समाधान नव्हतं. आयुष्यभरात पुजलेल्या हत्यारानं त्यांना पहिल्यांदा फसवलं होतं, आणि ते त्यांना गिळता येत नव्हतं.

हाफिजा सुटली होती. तिला नुसतं गप्प राहायचं होतं.

मिस्त्री गेल्यावर तिनं फ्लॉपी उचलली. पाकीट सुकलेल्या कुंकवानं कोपऱ्यात लाल झालं होतं, आतली फ्लॉपी स्वच्छ होती. तिनं ती मशीनमध्ये घातली, त्या दिवशीसारखीच फ्लॉपीवर जाऊन बसली आणि आतल्या डिस्कवरचा बिडाचा प्रोग्रॅम पूर्ण पत्त्यानं बोलावला. आकडे आले. पोलादाचे.

ती थबकली. मग तिनं फ्लॉपी बाहेर ओढून काढली आणि पुन्हा तेच केलं. आतल्या डिस्कवरच्या प्रोग्रॅमला खरं म्हणजे फ्लॉपीशी काही देणंघेणं नव्हतं. पण रिकाम्या खाचेतला दिवा पेटला. मशीन आत घरघरलं, चाचपडलं, आणि पडद्यावर विचारू लागलं, सोडून देऊ, पुन्हा बघू, की दुर्लक्ष करू?

तेव्हा तिला कळलं. प्रोग्रॅम आपल्या घरात शोधतच नव्हता. त्याला घर माहीतच नव्हतं. तिनं त्याला फाईलचं नुसतं नाव सांगितलं होतं, पत्ता सांगितला नव्हता. आणि नुसतं नाव सांगितलं की तो ते नाव आपल्या शेजारी नाही, बोलावणारा जिथं उभा असेल तिथं शोधायचा. ती बिडाच्या कप्प्यात उभी असली की तिथलं उचलायचा. फ्लॉपीवर उभी असली की तिथलं. त्याच नावाचं काहीही त्याला चालत होतं. तो बिचकत नव्हता, विचारत नव्हता.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, आणि तिचा हात कीबोर्डवरून आपोआप मागं आला. वर्षभर प्रोग्रॅम बरोबर नव्हताच. वर्षभर ती बरोबर जागी उभी राहत आली होती. एवढंच. एखाद्या सकाळी ती चुकून दुसऱ्या कप्प्यात असती, एखाद्या दिवशी ताप अंगात घेऊन आली असती, तर केव्हाच हे झालं असतं. तिनं ज्याला आपलं काम म्हटलं होतं ती तिची सवय होती.

बाहेर फुटकी बॉडी भट्टीत टाकायला नेत होते. ती उठली आणि सयाजीरावांच्या केबिनमध्ये गेली. मिस्त्री तिथंच होते.

ती म्हणाली, "मालक, फ्लॉपी बिघडली न्हाय. कुंकू लागलंच न्हाय तिला. प्रोग्रॅमच तसा हाय."

सयाजीरावांनी वर बघितलं. मिस्त्रींनी तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावलं. ती बसली नाही. तिनं सांगितलं, जसं कळलं होतं तसं. मशीनची भाषा तिनं टाळली. समजा, म्हणाली, मिस्त्रीमामांना एक दिवस पोलादाच्या शेडात बसून बिडाचा पॅटर्न करायला सांगितला, आणि मामा आपली पट्टी न नेता तिथल्या टेबलावर पडलेली उचलून मापं घेऊ लागले.

मिस्त्री चपापले. "मी असं करीन व्हय?"

"तुम्ही न्हाय करणार. ह्यानं केलं."

"म्हंजे माणूस आपला, आन् पट्टी परक्याची," मिस्त्री हळू बोलले. मग त्यांनी सयाजीरावांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. पूजेवरचा दोष सुटला होता.

सयाजीरावांचं तोंड मात्र उतरत गेलं. तिला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजे हे चुकलं तर आपल्याला सांगणार न्हाय?"

"न्हाय."

"वर्षभर ह्याच्याशी ताडून माल दिलाय आपण."

"व्हय."

"आन् ते सगळं बरोबर हाय कशावरनं?"

"मामांच्या पट्टीवरनं. माझ्या कागदावरनं न्हाय."

सयाजीरावांनी मशीनवर टेबलक्लॉथ टाकायला सांगितला, आणि पॅटर्न स्टोअरमधला तिच्या कागदाशी ताडलेला प्रत्येक पॅटर्न तिनं आणि मिस्त्रींनी मिळून नव्यानं मोजायला सांगितला. पुण्याच्या माणसाचा नंबर मेव्हण्याकडून आणायला त्यांनी तिच्यासमोरच शिपायाला पाठवलं.

मोजणी दिवाळीच्या तोंडापर्यंत चालली. स्टोअरमध्ये धूळ, वाळवीचा वास, आणि मिस्त्रींचा खोकला. हाफिजा कागद धरायची, मिस्त्री पट्टी लावायचे, माप पुकारायचे. एकही चुकलेला निघाला नाही. त्यानं तिला धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं. प्रत्येक बरोबर निघालेल्या पॅटर्नबरोबर तिला आणखी एक सकाळ आठवायची, जेव्हा ती नकळत योग्य कप्प्यात शिरली होती. मिस्त्री एकदाच म्हणाले, की तुला गप्प बसता आलं असतं. ती म्हणाली, बसले असते तर मला त्या मशीनसमोर परत बसता आलं नसतं. मिस्त्रींनी पुढचा पॅटर्न ओढला.

प्रोग्रॅम कुठल्या घरातून आला हे त्याचं त्याला कळायची सोय त्या भाषेत नव्हती. तिनं पुस्तक पुन्हा चाळलं, सापडली नाही. म्हणून तिनं जेवणाच्या सुट्टीत टेबलक्लॉथ उचलून प्रोग्रॅमच्या डोक्यावरच त्याच्या घराचा पत्ता लिहिला. पुढं जी फाईल उघडायची ती त्या पत्त्यापासून मोजून. बोलावणारा कुठंही उभा असो, ह्यानं तिकडं बघायचं नाही. फाईल घरात नसली तर दुसरीकडं हात घालायचा नाही, काम थांबवायचं. फ्लॉपीवरच्या पोलादाच्या प्रोग्रॅमलाही त्याचा पत्ता दिला. मग तिनं निरनिराळ्या कप्प्यांत उभं राहून पंपाची मापं पुन्हा काढून बघितली. दरवेळी बिडाची आली. तरी तिचा विश्वास बसला नाही. तिनं बिडाची फाईल मुद्दाम दुसरीकडं हलवली आणि बोलावलं. प्रोग्रॅम थांबला. पडद्यावर तिनंच लिहून ठेवलेली ओळ आली, की घरात फाईल नाही. ती त्या ओळीकडं बघत राहिली. गेल्या वर्षभरात मशीन तिच्याशी पहिल्यांदा खरं बोललं असं तिला वाटलं.

पुण्याचा माणूस आला नाही. येतो म्हणाला होता, मग भोसरीत काही मिळालं म्हणून कळवलं. सयाजीरावांनी दुसरा शोधला असता. त्यांनी शोधला नाही, आणि का नाही हे कुणाला सांगितलंही नाही. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ट्रेसिंगची टेबलं ट्रकमध्ये चढत होती. हाफिजा दारात उभी होती, आपलं टेबल कुठलं ते ओळखत. सयाजीराव आतून आले, त्यांच्या हातात पंपाचं तेच ड्रॉइंग होतं. त्यांनी ते कॉम्प्युटरवरच्या कापडावर टाकलं.

"ह्येच परत," ते म्हणाले. "आन् कुठली फाईल वापरली ते कागदाच्या कोपऱ्यात छापून येऊ दे. मला वाचता आलं पायजे."

बॉडी नीट उतरली. पिराजीला कोअर बसवताना काही म्हणावं लागलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं हाफिजा त्या मशीनवर आणि त्याच्यानंतर आलेल्या मशीनांवर बसली. नवीन पोरींना शिकवलं. त्या पोरी तिची एक गोष्ट सांगून हसायच्या. कुठलंही काम सुरू करण्याआधी बाई मशीनला आपण कुठल्या कप्प्यात आहोत ते विचारायच्या. प्रोग्रॅमना पत्ते दिलेले होते, विचारायची आता गरज नव्हती, हे पोरींनी त्यांना समजावूनही सांगितलं. त्या हो म्हणायच्या. मग पडद्यावर जागेचं नाव उमटेपर्यंत, दोन्ही हात मांडीवर ठेवून, श्वास धरून थांबायच्या.